यादीत नसलेले नाव

आम्ही चौघे घाटकोपरच्या एकाच वस्तीतले आणि भांडुपच्या एकाच कारखान्यातले. एक लेथवर, एक पॉवर प्रेसवर, एक पॅकिंगला आणि चौथा साफसफाईला. लोकल पकडायची एकत्र, डबा खायचा एकत्र. १९९४ साली कारखान्यात नोटीस लागली, की यापुढे दर तीन महिन्यांनी कामगारांचे खाते बदलले जाईल. लेथवाला पॅकिंगला, पॅकिंगवाला स्टोअरला, स्टोअरवाला प्रेसवर. १९८३ मध्ये मारुती गाडी रस्त्यावर आली, तेव्हापासून जपानी पद्धतीचे कौतुक साहेबलोकांच्या तोंडी होतेच. ते आता आमच्या बोर्डावर आले.

कँटीनमध्ये एकच गलका उडाला. खातेबदल नको!

कारणे खोटी नव्हती. लेथवाला म्हणाला, "बारा वर्षांत हात बसला. उद्या खोकी बांधायला लावतील, मग आपली कारागिरी कोण विचारतो?" प्रेसवाल्याचा पगार उत्पादनावर. नव्या मशीनवर हात सावकाश चालणार, म्हणजे महिन्याला पैसे कमी. शिवाय प्रेसवर नवख्याची बोटे जायला किती वेळ लागतो? युनियनचे जुने लोक म्हणत, आज सगळ्यांना सगळे काम शिकवतील, उद्या दहा जणांचे काम सात जणांकडून करून घेतील. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे आमच्याकडे खातेबदल ही शिक्षा होती. सुपरवायझरला उलट बोलला, की टाक त्याला अ‍ॅसिडच्या टाकीवर. अशा ठिकाणी खातेबदल शब्द ऐकून कोणाला आनंद होईल?

त्या संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर हीच चर्चा. वस्तीतले अण्णा ऐकत होते. अण्णा गिरणीतले. १९८२ च्या संपात नोकरी गेली ती गेलीच. त्यांनी आमच्या चौथ्याला विचारले, "तू का रे गप्प? तुझं काय म्हणणं?"

तो म्हणाला, "अण्णा, यादीत माझं नावच नाही."

आम्ही ती यादी तीनतीनदा वाचली होती. प्रत्येकाने आपले नाव शोधले. त्याचे नाव नाही हे आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आले नव्हते. गटार, संडास आणि लोखंडाचा चुरा, सोळा वर्षे हेच त्याचे काम. फिरत्या चाकात ते खातेच धरलेले नव्हते.

अण्णा मग त्यांच्या वडिलांविषयी बोलले. तेही गिरणीत, पण रिंग खात्यात. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त. पण आपल्या माणसाला तिथे मज्जाव. कारण कांडीचा धागा तुटला, की तो तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा शेजारचा कामगार हातात कसा घेणार? १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, की विणकाम खाते आमच्या लोकांना खुले करा. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली, तिथेही तेच दुखणे मांडले गेले. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो. पोर्टरचे काम मिळणेही मुश्कील, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरात वावरावे लागे.

"माझा बाप खातेबदल मागता मागता गेला," अण्णा म्हणाले, "आणि तुम्ही आलेला खातेबदल नको म्हणता. नको म्हणा, पण कशाला नको ते नीट ठरवा."

रात्री बसून आम्ही चार मागण्या लिहिल्या. खाते बदलले तरी कोणाचा पगार कमी होऊ नये. नव्या कामावर आधी पंधरा दिवस जुन्या कामगाराजवळ शिकायला मिळावे. खातेबदल शिक्षा म्हणून करू नये. आणि चाक फिरायचे तर पुरते फिरावे, सफाईसुद्धा त्यात यावी.

पहिल्या तीन मागण्यांना युनियनच्या सभेत टाळ्या पडल्या. चौथीला शांतता. मागून कोणीतरी ओरडले, "आम्ही झाडू धरायचा काय?" खरे सांगायचे तर आमच्यातला लेथवालाही चुळबुळला. बापाने झाडू टाकला म्हणून आपण इथवर आलो, तो पुन्हा हातात घ्यायचा? अण्णांना विचारले तर म्हणाले, "झाडूत कमीपणा नाही. तो एकाच्याच हाताला चिकटवून ठेवतात, त्यात आहे."

त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमाप्रमाणे पगाराच्या पद्धतीत बदल करायचा, तर मालकाला २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. युनियनने ते कलम पुढे केले, तेव्हा साहेब बोलणीला बसले. तीन मागण्या मान्य झाल्या. चौथी अर्धी. आमच्या मित्राचे नाव यादीत आले. तो पॅकिंगला गेला आणि वर्षभरात प्रेस शिकला. पहिल्या दिवशी त्याने वस्तीत पेढे वाटले. सफाई मात्र ठेकेदाराकडे गेली. निम्म्या पगारावर दुसरी पोरे आली. त्यातलीही बहुतेक आपलीच. करारावर आमच्याही सह्या आहेत. तेव्हा आम्हाला तो विजय वाटला.

आता तो कारखाना नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांच्या जागी टॉवर आणि मॉल आले. आमच्यापैकी एकाची मुलगी अंधेरीच्या दुकानात आहे. तिलाही खातेबदल आहे. महिनाभर बिलाच्या काउंटरवर, महिनाभर गोदामात. ती म्हणते, "बरं आहे, शिकायला मिळतं, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात ते तरी बदलतं." आम्ही विचारले, "आणि लादी पुसणाऱ्या मावशी? त्यांची बदली कुठे होते?"

ती जरा थांबली. म्हणाली, "त्या ठेकेदाराच्या. त्या यादीत नसतात."

दुसऱ्या दिवशी तिने मावशींचे नाव, गाव आणि त्या किती शिकल्या हे विचारले. मावशी दहावी पास निघाल्या. काउंटरवर जागा निघाली, तर त्यांना अर्ज भरून द्यायचे तिने ठरवले आहे. आमच्याकडून त्या वेळी जे राहून गेले, त्याची सुरुवात तिने तरी केली. तुमच्या कामाच्या जागी बदलाची यादी लागेल, तेव्हा आपले नाव शोधाच. पण कोणाचे नाव नाही, तेही पाहा.