मुक्काम पोस्ट दुबई

दुबईला जाऊन आलो असे सांगितले की समोरचा माणूस पहिल्यांदा सोन्याचा भाव विचारतो, मग त्या जगप्रसिद्ध उंच इमारतीवर चढलात का म्हणून विचारतो, आणि तिसरा प्रश्न हमखास असा असतो : "तिकडं म्हणे इन्कम टॅक्सच नाही?" सोन्यातले मला काही कळत नाही. इमारत मी खालूनच पाहिली. मान दुखेपर्यंत पाहिली. राहता राहिला तिसरा प्रश्न. त्याचे उत्तर मात्र जरा ऐसपैस द्यावे लागेल, कारण तिथल्या आठवडाभरात मी त्याखेरीज दुसरे फारसे काही पाहिलेच नाही.

मी गेलो तो दाजींना सोबत म्हणून. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मिरजेहून निघालेला हा माणूस तीस वर्षे दुबईत एका कंपनीचे हिशेब लिहीत होता. साठी झाली तशी कंपनीने हार घातला आणि मोकळे केले. पेन्शन तिकडे परदेशी माणसाला नसते. नोकरी सोडताना एकरकमी पैसे मिळतात : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या वर्षांसाठी ३० दिवसांचा, आणि सगळे मिळून दोन वर्षांच्या पगाराहून जास्त नाही. नोकरी गेली की त्या नोकरीवरचा राहण्याचा परवानाही जातो. पण ताई तिथल्या एका भारतीय शाळेत शिकवते, तेव्हा दाजी तिच्या परवान्यावर आले. जन्मभर ज्यांच्या परवान्यावर बायको राहिली ते आता बायकोच्या परवान्यावर राहतात, आणि हे ते स्वतःच हसत हसत सर्वांना सांगतात.

गेल्या जुलैत दाजींच्या आई, आम्ही त्यांना माई म्हणतो, मिरजेच्या घरी न्हाणीघरात घसरल्या. शहाऐंशी वर्षांचे वय. खुब्याचे हाड मोडले. दाजी १० जुलैला येऊन पोचले ते माईंच्या उशाशी बसले, आणि बसलेच. शस्त्रक्रिया, व्यायाम, रात्रीची उठबस, सगळे त्यांनी केले. डिसेंबर उजाडला तशी ते कॅलेंडरासमोर वारंवार उभे राहू लागले. तिकडचा नियम असा, की साधा परवानेदार सलग १८० दिवसांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला की त्याचा परवाना बाद होतो. तो शाबूत ठेवायचा तर मुदतीच्या आत एकदा जाऊन हजेरी लावून यायचे. शाळेतल्या पोरासारखी, "हजर" म्हणायला. जानेवारीच्या दोन तारखेला आम्ही निघालो. एकटे जाऊ नका, असा ताईचा फोनवरून हुकूम होता. मी आठवड्याची अर्जित रजा टाकली.

दुबई हे शहरच मुळी जकातीच्या पोटी वाढलेले आहे, हे मला ठाऊक नव्हते. समोरच्या इराणी किनाऱ्यावर लिंगेह नावाचे भरभराटीचे बंदर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या सरकारने तिथली जकात वाढवली. अलीकडे दुबईच्या खाडीवर शेख मक्तूम बिन हशर यांनी परक्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली. झाले! व्यापारी गाठोडी बांधून अलीकडे आले. बस्ताक प्रांतातून आलेल्यांनी जी घरे बांधली तो बस्ताकिया मोहल्ला; आता त्याला अल फहिदी म्हणतात. वारा खाली ओढून घेणारे चौकोनी मनोरे त्या घरांवर आहेत. दाजी मला तिथे घेऊन गेले, मनोऱ्याखाली उभे केले आणि म्हणाले, "प्राध्यापक, ही सगळी माणसं कर चुकवायला आली हो! आम्ही काय वेगळं केलं?"

तिथून पाच मिनिटांवर खाडी. एका दिरहमला लाकडी नावेत बसून पैलतीरी जाता येते. नावेला अब्रा म्हणतात. बाजूला कापडबाजार आणि एका गल्लीत श्रीकृष्णाची हवेली. तिच्या तोंडाशी झेंडूचे आणि मोगऱ्याचे हार. वास घेतला तर तुळशीबागेत असल्यासारखे वाटते. या काठावर १९६६ पर्यंत आपला रुपया चालत असे. १९५९ पासून आपली रिझर्व्ह बँक आखातासाठी निराळ्या नोटाच छापी. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि रुपया इथून उठला. दिरहम आला तो १९७३ साली. आज त्याच काठावरच्या पेढ्यांतून माणसे दिरहम देऊन गावी रुपये धाडतात.

आता कराविषयी. पगारावर कर नाही, ही गोष्ट खरी. पण ताईच्या घरचे वीजपाण्याचे बिल मी वाचले (भाषेच्या मास्तराला हाती पडेल ते वाचायची खोड असते) आणि त्यात घरभाड्याच्या पाच टक्के रक्कम नगरपालिकेची म्हणून लागलेली पाहिली. दुकानात प्रत्येक वस्तूवर २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे. कंपन्यांच्या नफ्यावर २०२३ पासून नऊ टक्के. शिवाय परवाना काढायची फी, त्याआधीच्या रक्ततपासणीची आणि छातीच्या क्ष-किरण चित्राची फी, ओळखपत्राची फी. आणि दर दोन वर्षांनी हे सारे पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या सौदी अरेबियाने तर २०१७ च्या जुलैपासून परदेशी नोकरदाराच्या बायकामुलांवर माणशी महिना १०० रियाल लावले आणि दरसाल वाढवीत २०२० पर्यंत ४०० वर नेले. चारजणांच्या कुटुंबाने काय करावे? पुष्कळांनी बायकामुले गावी पाठवली आणि स्वतः खोलीत चौघांत चौथे होऊन राहिले. तेव्हा आखातात कर नाही असे कोणी म्हटले, की मी आता विचारतो, "कोणाला? आणि कितीजणांच्या बिऱ्हाडाला?"

पण पैशाचे हे गणित कोणालाही समजते. मला अडवले ते शब्दांनी. आखातात राहण्याच्या परवान्याला इकामा म्हणतात. हा शब्द कानावर पडला आणि मी चपापलोच. इकामा आणि आपला मुक्काम हे दोन्ही एकाच अरबी धातूतून आलेले सख्खे भाऊ. आपण पत्रावर 'मु. पो.' लिहितो तो हाच मुक्काम. मुदत, तारीख, हजर, बाकी, कायदा, रक्कम, हे सगळे अरबीच. फारसीच्या खांद्यावर बसून ते मराठीत आले आणि आपल्या दप्तरात इतके मुरले की कोणाला परके वाटत नाहीत. शब्दांना परवाना लागला नाही. आणखी एक शब्द तसाच आला : वतन. अरबीत वतन म्हणजे मायभूमी. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला पिढ्यान्पिढ्या चालणारा जमिनीचा हक्क. दुबईत माणसाला मुक्काम मिळतो, वतन मिळत नाही. ना अरबी अर्थाने, ना मराठी.

माझा भाचा तिथेच जन्मला. त्याला मराठी येते, हिंदी येते, अरबी बऱ्यापैकी येते, आणि घर कुठले म्हणून विचारले तर तो करामा म्हणतो. करामा हा जुन्या दुबईतला मध्यमवर्गीय भाग. खाली हॉटेले, वर बिऱ्हाडे. पण जन्मला म्हणून त्या भूमीवर त्याचा काही हक्क होत नाही. मूल झाले की १२० दिवसांच्या आत त्याचाही परवाना काढावा लागतो, नाहीतर दिवसाला दंड. पाळण्यातल्या मुलाच्या बारशाबरोबर त्याच्या परवान्याचीही तारीख घरात मोजतात. मुलगा अविवाहित असला तर पंचविसाव्या वर्षापर्यंत बापाच्या परवान्यावर राहू शकतो. २०२२ पूर्वी ही सवलत अठराव्या वर्षी संपे, शिकत असला तर थोडी वाढे. मुलगी मात्र लग्न होईपर्यंत केव्हाही. हा कायदा कोण्या मराठी आजीने सांगितला असावा, अशी शंका मला आली. नागरिकत्वाची एक खिडकी २०२१ साली किलकिली झाली, ती मोठे गुंतवणूकदार, शास्त्रज्ञ, डॉक्टर अशा निवडकांसाठी. आणि तिच्यासाठी स्वतः अर्ज करायचा नसतो, वरून नाव सुचवले जावे लागते. भाच्याला आता स्वतःची नोकरी आहे. ती आहे तोवर जन्मगावी राहायची सोय आहे.

खरा पेच मला चौथ्या दिवशी कळला. ताईच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असते, आणि त्यावर दाजींच्या वारीच्या तारखांना तांबड्या शाईची वर्तुळे. मला वाटत होते, हजेरी लागली, परवाना वाचला, आता खुशाल परत जावे. पण दाजी वर्तुळे मोजत बसले होते. कारण दुबई दिवस मोजते तसेच आपले सरकारही मोजते. एप्रिल ते मार्च या वर्षात भारतीय माणूस १८२ दिवस भारतात राहिला की तो करासाठी निवासी ठरतो, आणि निवासी माणसाच्या सगळ्या जगातल्या उत्पन्नावर कर बसू शकतो. २०२० च्या अंदाजपत्रकात ही मर्यादा १२० वर आणायचे घाटत होते. आखातात त्या फेब्रुवारीत मोठी घबराट झाली. शेवटी ती १२० ची अट, भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल त्यांच्यापुरतीच राहिली. दाजी त्यांत बसत नाहीत. त्यांचा आकडा १८२. येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून मिरजेत त्यांचे १७७ दिवस झाले होते. ३१ मार्चपर्यंत हातात राहिले चार.

एक देश म्हणतो, एवढ्या दिवसांहून जास्त बाहेर राहू नकोस. दुसरा म्हणतो, एवढ्या दिवसांहून जास्त आत राहू नकोस. आणि मध्ये माई, नुकत्या कुठे वॉकर धरून ओसरीपर्यंत येऊ लागलेल्या.

त्या रात्री सांगलीच्या सनदी लेखापालांना फोन लावला. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. ते म्हणाले, यंदा १८२ ओलांडलेत तरी आकाश कोसळत नाही. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे जो अनिवासी होता, तो 'निवासी, पण सामान्यतः निवासी नव्हे' अशा वर्गात जातो. त्याच्या दुबईच्या ठेवींवरच्या व्याजाला इथे कर नाही. इथले भाडे आणि व्याज यांवर कर तुम्ही भरताच, तो तसाच भरायचा. अशी सवलत दोन-तीन वर्षे पुरते. व्याकरणात नियम, मग अपवाद आणि अपवादाला पुन्हा अपवाद शिकवणाऱ्या मला हे वाक्य फार आवडले. पण नियम सर्वांना तोंडपाठ, आणि अपवाद कोणी वाचलेलाच नाही! किती मुले याच आकड्याच्या धाकाने आईबापांच्या उशाशेजारून उठून विमानतळावर गेली असतील, कोण जाणे. मला त्या रात्री कायद्यापेक्षा त्याच्या ऐकीव भीतीचाच अधिक राग आला.

दाजींना मात्र आनंद झालेला दिसला नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तीस वर्षं प्रत्येक कागदावर अनिवासी लिहिलं हो. बँकेत, पतपेढीत, घराच्या खरेदीखतावर. आता निवासी लिहायचं म्हणजे... संपलंच की सगळं."

"काय संपलं?" ताई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिकीट नऊ तारखेचं काढलंय. मोजायचं असेल तर विमानात मोजा."

ताईची स्वतःची मुदत आणखी दोन वर्षांची. ती साठीला आली की तिचाही परवाना संपेल, आणि त्याबरोबर दाजींचाही. पंचावन्नच्या वरच्या निवृत्तांना पाच वर्षांचा निराळा परवाना मिळतो खरा. पण त्याला दहा लाख दिरहमची मालमत्ता किंवा तेवढीच शिल्लक लागते, नाहीतर दरमहा ठरावीक उत्पन्न. वीस लाखांचे घर असेल तर दहा वर्षांचा सोनेरी परवाना. ताईने हे आकडे मला भाजीचे भाव सांगावेत तसे सांगितले. त्यांतले एकही त्यांच्या आवाक्यातले नाही, हे तिने सांगितले नाही. मी विचारले नाही.

नऊ तारखेला आम्ही परतलो. मिरजेत १७८, १७९ असे चालू राहिले. १८२ वा दिवस भोगीचा होता. घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी झाली होती. दाजींनी वहीत तारीख लिहिली, आकडा लिहिला आणि माईंच्या भाकरीवर लोणी घालायला उठले. मी तो दिवस मुद्दाम त्यांच्याकडे गेलो होतो; का, ते मलाही नीटसे सांगता येणार नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा १८० ची घंटा वाजली. या खेपेस माझे कॉलेज सुरू होते, सोबतीला जाणे शक्य नव्हते. पण ताईला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि ती माईंजवळ राहायला आली. नवरा चालला दुबईला, बायको आली मिरजेला. मुंबईच्या विमानतळावर दोघांना तासभर मिळाला. बाहेरच्या उपाहारगृहात बसून त्यांनी चहा घेतला. दाजींनी ताईला मिरजेच्या घराच्या किल्ल्या आणि माईंच्या औषधांची यादी दिली, ताईने त्यांना करामाच्या घराची किल्ली दिली आणि फ्रिजमध्ये कुठल्या डब्यात काय ठेवले आहे ते सांगितले.