चांदीआडची अक्षरे

सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या सधन ज्यू घरांत बाळाच्या पाळण्यावर चांदीची एक फुगीर डबी टांगत. तिच्यावर जेरुसलेमच्या मंदिरातली सात फांद्यांची समई, दहा आज्ञांच्या पाट्या, असे उठावाचे काम असे. आत मात्र चर्मपत्राचा एक छोटा तुकडा, बाळाच्या रक्षणासाठी लिहिलेला. लिहिलेल्या अक्षरासाठी चांदीचे घर बांधण्याची ही रीत ज्यू माणसाला पाळण्यातच भेटे आणि पुढे आयुष्यभर साथ देई.

मूल चालू लागले की दाराच्या उजव्या चौकटीवरचा मेझुझा, म्हणजे लेख ठेवलेली छोटी डबी, ओळखीचा होतो. येता-जाता त्याला हात लावायचा आणि बोटे ओठांना टेकवायची. कोकणातून मुंबईत आलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांतही हीच चाल. आतल्या चर्मपत्रावर 22 ओळी, 713 अक्षरे, सगळी हाताने लिहिलेली. एक अक्षर तुटले तरी लेख बाद! म्हणून घरातला मेझुझा सात वर्षांत दोनदा उघडून तपासायचा, असा दंडक आहे. डबी चांदीची असो की लाकडाची, तिच्यासाठी असा नियम नाही.

तेराव्या वर्षी मुलाच्या कपाळावर आणि दंडावर तेफिलिन बांधले जातात. या काळ्या चामड्याच्या पेट्यांतही लेखच असतात. पोलंडमधल्या हौशी घरांनी त्या पेट्यांसाठी पुन्हा चांदीच्या पेट्या घडवून घेतल्या.

मग बायबलमधल्या एस्तेरच्या कथेची गुंडाळी. ऑटोमन मुलखात ती लग्नाची भेट म्हणूनही दिली जाई. चांदीच्या तारकामाचे एक सडपातळ नळकांडे, वर मुकुट, बाजूला उभी फट. मूठ फिरवली की त्या फटीतून चर्मपत्र हळूहळू बाहेर येते, उलटी फिरवली की आत जाते. पुरिमच्या सणाला वाचन करताना सारी गुंडाळी सोडून पत्रासारखी घडी घालतात. आपली ओळख लपवून राणी झालेल्या एस्तेरची ही कथा, आणि तिच्या हिब्रू पाठात देवाचे नाव एकदाही येत नाही. अशा कथेला लपण्याची जागा शोभून दिसते.

शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपताना, शनिवारी रात्री, वाइन, सुगंधी मसाला आणि पिळाची मेणबत्ती लागते. अठराव्या शतकातल्या जर्मन सोनारांनी यांतल्या दोन गोष्टी एकाच वस्तूत बसवल्या. वर चार बारीक दांड्यांमध्ये मेणबत्तीची बैठक. मेणबत्ती जळून खाली आली की बैठक वर सरकवायची. खाली चौकोनी पेटी दिसते, ती खरे तर खण! तो ओढला की आतल्या कप्प्यांतून लवंगेचा वास येतो.

हे घडवणारे हात बहुधा ख्रिस्ती होते, कारण मध्य युरोपातल्या सोनारांच्या गिल्डमध्ये ज्यूंना प्रवेश नव्हता. येमेनमध्ये उलट सोनारकाम ज्यूंच्याच हाती होते. 1906 साली बोरिस शात्झ यांनी जेरुसलेमला बेझालेल कलाशाळा काढली, तेव्हा येमेनी कारागिरांचे तारकाम तिथे आले, आणि ज्यू कारागीर ज्यू घरासाठी चांदी घडवताना जगाला दिसले.

विधी नटवून, सुंदर करून पार पाडावा असे ज्यू परंपरा सांगते, त्यामुळे या कलेला धर्माचाच आधार आहे. तरीही मान अक्षराचा मोठा. लेख जीर्ण झाला की तो फेकत नाहीत, दफनभूमीत पुरतात. डबी मात्र घासूनपुसून पुढच्या पिढीकडे जाते आणि तिच्यात नवा लेख बसतो.

जेरुसलेमच्या दुकानांत आज चांदीचे मेझुझे मांडलेले असतात. त्यांतल्या कित्येक डब्या रिकाम्या असतात, काहींत छापील कागद असतो. आवडलेली डबी जरूर घ्यावी. पण ती एखाद्या ज्यू मित्राच्या दारासाठी असेल, तर आधी उघडून पाहावी आणि हाताने लिहिलेला, तपासलेला लेख वेगळा मागून घ्यावा.