पाण्याखालचे घाट

मौद्यात वाढलेल्या आमच्या पिढीला उन्हाळ्यातली कन्हान ठाऊक आहे ती गुडघाभर पाण्याची. धार एका काठानं जायची आणि उरलेल्या वाळूत टरबूज-खरबुजांच्या डांगरवाड्या हिरव्यागार असायच्या. हीच कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला मिळते, तिथं ती केवढी झाली आहे, हे मी गेल्या उन्हाळ्याच्या नवतपात डोंग्यात बसून पाहिलं.

पहाटे पाचला काठावर पोचलो. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. वर टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथंच रचला, अशी या भागातली श्रद्धा आहे. खाली मात्र नजर पोचेल तिथवर गोसीखुर्द धरणाचं पाणी. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणानं दोन्ही काठांची कितीतरी गावं पोटात घेतली.

डोंगा साठी ओलांडलेल्या एका धिवर काकांचा. “कुठी जाचं, भाऊ?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही न्याल तिकडं. घाई नाही.”

वल्हं पाण्यात पडलं. बुडालेल्या झाडांचे वाळके शेंडे पाण्याबाहेर आलेले, प्रत्येकावर एकेक पाणकावळा पंख पसरून बसलेला. काका सरळ जाईनात. मधेच वळायचे, मधेच थांबायचे. मी कारण विचारलं.

“इकडून नको. खाली चावडीची भिंत हाय, डोंगा लागते.”

मग सगळा प्रवासच बदलला. काका पाण्यावर बोट ठेवत एकेक जागा सांगू लागले. इथं घाट होता, बाया धुणं धुवायच्या. इथं मारुतीचा पार. इथं त्यांच्या बापाची डांगरवाडी. दरवर्षी पूर ओसरला की ती वाळू पुन्हा वाटून घ्यायचे. शेताची भरपाई कागदावर मोजता आली. वाळूतल्या वाडीला सातबारा नव्हता, हे सांगताना त्यांचं वल्हं थांबलं.

दोन काठांना आम्ही टेकलो. पहिल्या ठिकाणी रात्रीची जाळी सोडवणं चाललं होतं. दुसऱ्या ठिकाणी आंब्याखाली ज्वारीची भाकर, ठेचा आणि तिथंच भाजलेली मासोळी. ऊन चढलं तसा वारा सुटला. काकांनी बांबूला जुनी ताडपत्री बांधली, वल्हं आत घेतलं आणि डोंगा आपोआप चालू लागला. अर्धा तास कुणी बोललं नाही. ताडपत्रीची फडफड आणि डोंग्याच्या बुडाशी पाण्याची चुळचुळ, एवढाच आवाज.

परतताना समोर केबलांवर तोललेला नवा पूल दिसला. २०२४ साली तो खुला झाला आणि नागपूर-भंडाऱ्याचे काठ जोडले गेले. लोकांची मोठी सोय झाली. पण पुलावरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं. कुठं घर होतं आणि कुठं घाट, हे फक्त डोंगा हाकणाऱ्याला कळतं.

म्हणून अंभोऱ्याला जाल तेव्हा पुलावरून फोटो काढून परतू नका. खाली उतरा, डोंग्यात बसा आणि पाण्याखालच्या गावांची नावं विचारा. ती गावं पायी हिंडलेली माणसं आता म्हातारी झाली आहेत.