रामकुंडावरची वही

अण्णा, म्हणजे आमचे आजोबा, एसटीत कंडक्टर होते. कसारा घाट चढून इगतपुरी आली की 'चला, नाशिक जिल्हा लागला' असं कोणी न विचारताच जाहीर करायची त्यांना सवय होती. त्यांच्या दहाव्याला निघालो तेव्हा ते काम धाकट्या काकांनी केलं. आत्या आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावून बसली.

पंचवटीत पोचलो तर गंगेवर ही गर्दी. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. आमच्या आधी पाच-सहा कुटुंबं बसलेली; गुरुजी म्हणाले, "तासभर तरी लागेल." त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरून आलेली नदी इथे दक्षिणेला वळते. दक्षिण ही पितरांची दिशा, म्हणून या ठिकाणाचं एवढं महत्त्व. रामकुंडात अस्थी विरघळून जातात अशी श्रद्धा आहे. हल्ली पाणी गंगापूर धरणातून सोडतील तेवढं, पण श्रद्धेला ते आड येत नाही.

हे कुंड १६९६ मध्ये चित्रराव खटारकरांनी बांधलं आणि पुढे गोपिकाबाई पेशव्यांनी सुधारलं. इथे रामापेक्षा मला आठवत राहिल्या त्या गोपिकाबाईच. १७६१ च्या जानेवारीत थोरला विश्वासराव पानिपतावर पडला, जूनमध्ये नवरा नानासाहेब गेले. १७७२ मध्ये माधवराव क्षयाने गेला, पुढच्याच वर्षी नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला. तिघांतला एकही मुलगा उरला नाही. ही बाई पुण्याचं राजकारण सोडून जवळच्या गंगापूरला येऊन राहिली होती. शाळेच्या पुस्तकात ती फक्त हेकट सासू आणि हट्टी आई म्हणून भेटते. इतकी सुतकं सोसलेली बाई म्हणून तिच्याकडे बघायला मला रामकुंडाच्या पायऱ्यांवर बसावं लागलं.

नंबर लागेपर्यंत पाय मोकळे केले. शेंदरी दुतोंड्या मारुती पात्रातच उभा. पावसाळ्यात पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावर गावाला पुराचा अंदाज येतो. पलीकडे नारोशंकराचं देऊळ, १७४७ चं. त्याच्या दर्शनी भिंतीवरची प्रचंड घंटा चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली, पोर्तुगीज चर्चची. महादेवाला तिचं वावडं दिसत नाही.

तिथून काळारामापर्यंत गेलो, पण सुतकात देवळात जायचं नाही, म्हणून दारातच थांबलो. आमचं बाहेर राहणं दहा दिवसांचं. याच दारांसमोर २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली, तेव्हा दारं बंद करून घेतली होती. पुढची चार-पाच वर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं. जन्मभर ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं त्यांचा विचार न करता त्या दाराचं कौतुक करणं मला तरी जमलं नाही.

विधी उरकले. कावळा बराच वेळ शिवेना. मोठ्या काकांनी "जमीन विकणार नाही" म्हणून पाहिलं, उपयोग झाला नाही. आत्या म्हणाली, "अण्णा, आईला मी नेते माझ्याकडे." त्यानंतर शिवला. योगायोग म्हणा.

मग गुरुजींच्या घरी गेलो. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की बरोबर तुमचं पान निघतं. लाल फडक्यात बांधलेली लांबट वही सोडली. जुनी पानं मोडीत, एकालाही वाचता येईना. नंतरच्या एका पानावर अण्णांचं अक्षर! वडिलांच्या अस्थी घेऊन आले तेव्हा लिहिलेलं. नावं एकाखाली एक, मार्जिन सोडून, खाली रेघ मारून सही. दिवसाचा हिशेब डेपोत भरून देणाऱ्या माणसाचा शिस्तशीर कागद.

अण्णांनी तीन भाऊ, दोन मुलगे लिहिले होते. आत्या तेव्हा सहा-सात वर्षांची असणार. तिचं नाव नव्हतं. आजीचंही नव्हतं.

"मुलींची लिहीत नाहीत का?" तिने विचारलं.

"त्या सासरच्या वहीत जातात," गुरुजी म्हणाले. जरा थांबून, "पण लिहू नये असं काही नाही."

काका घड्याळ बघत होते, पार्किंगवाल्याचे दोन फोन येऊन गेले होते. आत्याने पेन घेतलं. आधी आजीचं नाव घातलं, माहेरच्या आडनावासकट. मग स्वतःचं, मग तिच्या दोन्ही मुलींचं. थोरलीचा मुलगा दुबईत असतो, त्याच्या बायकोचं नाव काही केल्या आठवेना, म्हणून थोरलीला तिथूनच व्हॉट्सॲपवर फोन लावला.