नऊ किलोमीटर आणि दोन जेसीबी

चाळिशीचा चष्मा लागला तेव्हा हसण्यावारी नेला. पण स्प्लायसरच्या खाचेत सव्वाशे मायक्रॉनची काच ठेवताना ती दिसेनाशी झाली, तेव्हा मशीन हाताखालच्या पोरीकडे दिलं आणि मी ऑफिसात बजेट मांडत बसलो. डीबीचं बजेट.

पूर्वी हे तोंडीच करायचो, आणि त्याची मिजासही होती. गिऱ्हाईक फोनवर अंतर सांगे, मी तिथल्या तिथे ‘होईल’ किंवा ‘नाही होणार’. पोरगी मात्र एक्सेल उघडते नि विचारते, “काका, अंतर म्हणजे कुठलं?”

सगळं इथेच अडतं. रस्ता वेगळा, चेंबरागणिक सोडलेल्या गुंडाळ्या धरून केबल वेगळी, आणि लूज ट्यूबमधली फायबर पीळ घेत जाते, म्हणून ती आवरणावरच्या मीटरखुणांपेक्षाही लांब. ओटीडीआर दाखवतो ती ही शेवटची लांबी, तीही रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स बरोबर भरला तर. परवाचा रस्ता 8.6 किलोमीटर होता, फायबर 9.2.

10 जी एलआरला 6.2 डीबी लॉस चालतो. 1310 वर किलोमीटरला 0.35 धरून 3.2, चार कनेक्टर, अर्ध्याच्या हिशोबाने 2, ड्रमांचे चार जॉइंट 0.4. उरले जेमतेम 0.6. जेसीबीने केबल तोडली की मधे तुकडा घालायचा, म्हणजे दोन जॉइंट, 0.2 गेले. माझ्या लेखी त्या लिंकमध्ये दोन जेसीबी शिल्लक होते, तिसरा काठावर. आणि पाण्याच्या लाइनीचं खोदकाम काही थांबत नाही.

हल्लीचे ठेकेदार या भानगडीत पडत नाहीत. नकाशावर रेघ ओढायची, शंका आली की 40 किलोमीटरचं ईआर ठोकायचं. जवळच्या लिंकवर रिसीव्हर दिपतो, मग अ‍ॅटेन्युएटर आणा. उजेड विकत घ्यायचा आणि परत पैसे मोजून तो विझवायचा! जुन्या इमारतींतल्या ओएम1 चं दुखणं निराळं. तिथे डीबी मुबलक, पण पल्स पसरतात. गिगाबिट 275 मीटर जातं, 10 जी 33 मीटरवर मान टाकतं.

पोरीचा हिशोब माझ्याहून चोख आहे, पण गिऱ्हाइकासमोर तसं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिच्या शीटमध्ये आता जेसीबीचा रकाना आहे. तिथे ती चार धरते. त्यासाठी मधले दोन कनेक्टर काढून थेट स्प्लाइस मारा म्हणते. मग फॉल्ट आल्यावर मधे तपासायचं कुठून, यावर आमचं अजून जुंपलेलं आहे.