गोदाकाठच्या गाथा

सध्या रात्री झोपण्याआधी ‘गाथासप्तशती’ वाचतो आहे, स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली सिद्ध केलेली. एका वेळी दोन-तीन गाथांपलीकडे जाववत नाही. दोन ओळींत अख्खा संसार असतो. घाईने वाचला तर निसटतो. संग्रह सातवाहन राजा हालाच्या नावावर, पण त्यात राजवाडा फारसा नाहीच. शेतं आहेत, पाणवठे, पावसाळ्यात घरी न परतलेले प्रवासी, गोदावरी आणि विंध्य. आणि बायका! त्या रुसतात, खोटं बोलतात, मैत्रिणीला बजावतात, नको त्याच्यावर जीव लावतात, आणि कवी त्यांना कुठेही दोष देत नाही. मला हे फार मोठं वाटतं. परंपरेने काही गाथांपुढे रेवा, माधवी, अनुलक्ष्मी अशी कवयित्रींची नावंही जपली आहेत.

वेबर या जर्मन पंडिताने १८८१ मध्ये लाइपझिगहून या गाथा छापल्या, अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी १९९१ मध्ये निवडक गाथा इंग्रजीत नेल्या. आपल्याच महाराष्ट्री प्राकृतातलं हे धन मात्र आपल्याकडे बहुधा परीक्षेपुरतं उरलं आहे. घरात ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा असतेच. त्यांच्या शेजारी हिलाही जागा द्या.