‘अनुभव’ या रकान्यापुढे

नाव, पत्ता, शिक्षण हे रकाने मुली भराभर भरतात. पेन अडतं ते ‘अनुभव’ या रकान्यापाशी. शहादा-तळोद्याकडून, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातून आलेल्या, आयटीआयमध्ये सुइंग टेक्नॉलॉजी शिकलेल्या मुली कपड्यांच्या कंपनीसाठी अर्ज लिहायला माझ्याजवळ बसतात, तेव्हा बहुतेकींचं उत्तर एकच असतं : “मॅडम, अनुभव काहीच नाही.”

यातल्याच एकीने स्वतः शिवलेलं ब्लाउज दाखवायला आणलं होतं. पंचकोनी गळा, त्याला उरेब पट्टीची पायपिंग आणि कोपऱ्यांत एकही चुणी नाही. मी ते उलटं करून पाहिलं. घरी ओव्हरलॉकचं मशीन नाही, म्हणून मुंढ्याचे काठ तिने हाताने बारीक टाके घालून बंद केले होते. बाजूच्या शिवणीत दोन बोटं माया सोडली होती. का, विचारलं तर म्हणाली, “काकूचं आहे. पुढच्या वर्षी घट्ट झालं तर उसवून सैल करता येईल.” ही मुलगी शाळेत असल्यापासून लग्नसराईत अर्ध्या पाड्याची ब्लाउजं शिवते आहे. ग्राहकाचं माप, कापडाचा अंदाज, दिलेली तारीख, उद्या बदलणारं शरीर, सगळं तिच्या हिशेबात असतं. तरी तिच्या लेखी अनुभव शून्य, कारण तो कुणी पत्रावर लिहून दिलेला नाही.

आमच्या नंदुरबार जिल्ह्याला कापडाचा धंदा परका नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आमच्यातून जातो आणि नवापूरचं स्टेशन तर निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत आहे. सुरतेच्या साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या बाजारात धागे कापायला, खडे चिकटवायला, घड्या घालायला, पॅकिंगला हात लागतात, आणि ते इकडूनही जातात. तिथे अर्ज लागत नाही. गावातलं कुणी आधी गेलेलं असलं की पुरतं. मुलींना हे सोपं वाटतं, मला मात्र ते महाग वाटतं. ज्या कामाला अर्ज लागत नाही, त्या कामाला बहुधा नेमणूकपत्रही मिळत नाही. मग चार वर्षं राबूनही त्या रकान्यात लिहायला काही उरत नाही. म्हणून मी अर्ज लिहायचा आग्रह धरते.

कपडे घडवण्याच्या क्षेत्रात महाराष्ट्राचं सर्वांत मोठं नाव वेशभूषाकार भानू अथैया यांचं. जन्म १९२९, कोल्हापूर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानूताई ‘ईव्ह्ज वीकली’ नियतकालिकासाठी फॅशनची रेखाचित्रं काढत. त्या नियतकालिकाच्या माजी संपादिकेने बुटीक उघडलं आणि त्यांना म्हटलं, कपडे करून बघ. तिथून त्या चित्रपटांत गेल्या. १९५६च्या ‘सी.आय.डी.’सारख्या चित्रपटांतलं काम १९८३ साली ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी ऑस्करपर्यंत पोचलं, भारतातून ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या. त्यांना मिळालेलं शिक्षण आणि मुंबईतला वावर आमच्या मुलींपाशी नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्यांचं काम कुणीतरी आधी पाहिलं होतं आणि मग संधी दिली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

शिक्षणाच्या वाटेवर तसा क्रम थोडाफार आहे. फॅशनचं शिक्षण देणारी निफ्ट ही संस्था १९८६ साली दिल्लीत सुरू झाली. मुंबईचं केंद्र आता खारघरला आहे. तिच्या डिझाइनच्या प्रवेशात लेखी परीक्षेनंतर एक प्रात्यक्षिक असतं. समोर साहित्य ठेवतात आणि त्यातून वस्तू घडवायला सांगतात. अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव आहेत. ज्या जिल्ह्यात काठी गावच्या राजवाडी होळीला मोरपिसांचा उंच टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले दुधी बांधून माणसं रात्रभर नाचतात आणि तो साज ढळत नाही, त्या जिल्ह्याच्या मुलांना दिलेल्या साहित्यातून वस्तू उभी करणं जड जाऊ नये. त्यांना अडवतात ती अर्जाची तारीख, फी आणि ऑनलाइन फॉर्म. इथल्या पावरा आदिवासी बायकांच्या चांदीच्या दागिन्यांवरून डिझाइन उचलायला शहरातल्या लोकांना आवडतं. त्या घरातली मुलगी कटिंग टेबलापाशी उभी राहिली तर मला जास्त आवडेल.

एक धोका मात्र सांगायलाच हवा. फॅशनच्या नावाखाली पोर्टफोलिओचे, नोंदणीचे, ट्रेनिंगचे पैसे आधी मागणारे फोन आमच्याकडेही येतात. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. असा फोन आला की ठेवून द्यावा.

आता मी मुलींना ‘अनुभव’च्या रकान्यात स्वच्छ लिहायला लावते : कोणती मशीनं चालवते, काय काय शिवते, दिवसाकाठी किती नग होतात, काज-बटण, हातशिलाई, भरत यातलं काय येतं. सोबत तीन-चार कपड्यांचे फोटो, सुलट बाजूचे आणि उलट बाजूचेही, कारण जाणकार मास्टर आधी आतली शिवण बघतो.

आणि मालकांना, एचआरवाल्यांना एक विनंती. मराठीत आलेला अर्ज बाजूला ठेवू नका. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ विचारण्याआधी तिला मशीनवर बसवा, मीटरभर कापड द्या आणि एक गळा शिवायला सांगा. त्यानंतर पगाराचं बोला, आणि ठरलेलं कागदावर लिहून द्या.